कुंडीतले अंजीर: केव्हा तोडावे, कसे शिजवावे
अंजीर तोडल्यानंतर गोड होत नाही, म्हणून केवळ रंगावर न जाता देठाकडे पाहावे. मान वाकून फळ खाली लोंबू लागले, बोटाला मऊ लागले आणि तोडताना देठातून पांढरा चीक आला नाही, तरच ते पिकले असे समजावे. या चिकाने हात खाजतात आणि त्यातील फायसिन हे विकर दूध नासवते, त्यामुळे बासुंदीत घालायचे अंजीर आधी थोड्या साखरेबरोबर मंद आचेवर शिजवून, पूर्ण गार करूनच मिसळावे. नागपूरच्या काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून कुंडीत वाळू व शेणखत सढळपणे मिसळावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की दुपारी हिरवी जाळी लावावी. बुलबुल मात्र पहाटेच फळापर्यंत पोहोचतात, तेव्हा पिकू लागलेल्या अंजिराला जुन्या मलमलीची पुरचुंडी बांधलेली बरी.