लाकडी जाळी: शब्दापासून सांध्यापर्यंत

'जाळी' हा शब्द संस्कृतातील 'जाल' या शब्दापासून आला आहे. जाळे मासे धरणाऱ्या कोळ्याचे असो वा भिंतीवरच्या कोळ्याचे, त्यात धाग्यांइतकेच महत्त्व त्यांच्यामधल्या रिकाम्या घरांना असते. जाळीसाठीचा इंग्रजी 'लॅटिस' मात्र लाकडाच्या पातळ पट्टीच्या नावावरून पडलेला शब्द आहे, तर जाळीदार झरोक्याला म्हणतात त्या अरबी 'मशरबिया'चे मूळ 'पिणे' या अर्थाच्या धातूत सांगितले जाते, कारण अशा झरोक्यांत वाऱ्यावर पाण्याची मातीची भांडी गार करायला ठेवत असत. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतील १५७३ सालच्या जाळ्या दगड कोरून, म्हणजे नको तो भाग काढून टाकून घडवल्या आहेत. लाकडी जाळी सहसा पट्ट्या जोडून उभी राहते, आणि येथे तीच कृती दिली आहे.

आधी घराचे माप ठरवावे, पट्टीचे नंतर. २५ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड अशा, प्रत्येकी ४०० मिलिमीटर लांबीच्या बारा पट्ट्या घेऊन सहा आडव्या व सहा उभ्या बसवल्या, तर ५० मिलिमीटरची पंचवीस घरे मिळतात आणि सुमारे ३९ टक्के भाग उघडा राहतो. पट्टी तीच ठेवून घर निम्मे केले, तर उघडा भाग एक चतुर्थांशाहूनही कमी होतो. आडोसा वाढतो, पण उजेड आणि वारा त्याच मानाने घटतो.

सर्व पट्ट्या एकमेकींना खेटवून, टोके गुण्याने (काटकोन तपासण्याच्या साधनाने) एका रेषेत आणून शिकंज्यात आवळाव्यात आणि पट्ट्या एकमेकींत बसवण्यासाठीच्या खाचांच्या रेषा सर्वांवर एकदमच आखाव्यात. मी पहिल्या खेपेस प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे मोजली. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या चुका साठत गेल्या आणि शेवटची ओळ बसेचना. खाच बरोबर निम्म्या जाडीची, म्हणजे ६ मिलिमीटर खोल हवी. करवत रेषेच्या आतल्या अंगाने चालवावी, मधला भाग पटाशीने काढावा आणि तळ सपाट करावा. खाच किंचित घट्ट असलेली चालते, कारण ती तासता येते. सैल खाचेला इलाज नाही.

आडव्या पट्ट्यांच्या खाचा वर आणि उभ्यांच्या खाली ठेवून जाळी आधी कोरडीच जुळवून पाहावी. मगच सांध्यांना सरस लावावा आणि तो ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील, तर लांब कर्णाची टोके हलकेच आत दाबावीत. सरस वाळल्यावर पॉलिश लावताना घरांच्या आतल्या कडा बारीक ब्रशने आधी रंगवाव्यात आणि दर्शनी बाजू शेवटी घ्यावी, म्हणजे तिच्यावर ओघळ राहत नाहीत.