जुना मॉनिटर, नवा पीसी आणि १०२४ वर अडकलेलं रिझोल्यूशन

माझा जुना १९ इंची वाइड मॉनिटर, नेटिव्ह रिझोल्यूशन (ज्यावर चित्र सगळ्यात नीट दिसतं ते) १४४० बाय ९००, त्याला फक्त व्हीजीए पोर्ट, म्हणजे तो जुना १५ पिनांचा. नव्या पीसीला व्हीजीएच नाही, म्हणून मधे एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लावला, चित्र आलं पण सगळं ताणलेलं, गोल आयकॉन अंड्यासारखे, आणि सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ च्या वर काही मिळेचना. ग्राफिक्स ड्रायव्हर दोनदा टाकला, पूर्ण संध्याकाळ वाया.

मग डिस्प्ले सेटिंगमध्ये नीट बघितलं तर मॉनिटरचं नावच नव्हतं, नुसतं जेनेरिक नॉन-पीएनपी, म्हणजे पीसीला न ओळखता आलेला कुठलातरी मॉनिटर. म्हणजे मॉनिटर आपली माहिती, कोणती रिझोल्यूशन चालतात वगैरे (ईडीआयडी म्हणतात तिला) पाठवत असेलही, पण ती पीसीपर्यंत पोचतच नव्हती. व्हीजीएमध्ये ही माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनमधून जाते. केबल काढून बघितली तर १२ नंबरची पिन वाकून आडवी झालेली! सरळ करायला गेलो तर तुटली, असो. दुसरी केबल लावली आणि १४४० बाय ९०० लगेच लिस्टमध्ये हजर. चित्र थोडं डावीकडे सरकलेलं होतं, ते मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबल्यावर जागेवर आलं.