जीव मुठीत धरून ओलांडावा लागतो त्या चौकाचा अभ्यास कसा करायचा

रोजच्या वाटेवर एखादा तरी चौक असा असतोच, जिथे रस्ता ओलांडायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. तिथे अपघात झाला की दोन दिवस सगळे बोलतात, गतिरोधक टाका, सिग्नल बसवा, आणि मग विषय मागे पडतो, कारण नेमकं काय चुकतंय हे कुणी मोजलेलंच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात ११ लाख ९० हजार माणसं रस्ते अपघातांत दगावली, त्यातली निम्म्याहून जास्त पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर होती. आणि तरीही आपल्या चौकाबद्दल विचारलं तर उत्तर एकच, "लोक नीट चालवत नाहीत". असं म्हणून काही हाती लागत नाही. मोजायला लागा, ते कुणालाही जमतं, फक्त पद्धत सोडायची नाही.

सगळ्यात आधी प्रश्न कागदावर लिहा. "हा चौक धोकादायक आहे का" हा प्रश्न नाहीच, कारण उत्तर हो आहे असं धरूनच आपण निघालेलो असतो. प्रश्न असा पाहिजे की वळणारी गाडी आणि रस्ता ओलांडणारा माणूस यांची गाठ नेमकी कुठे पडते, तेव्हा गाडीचा वेग किती असतो, आणि त्यांना एकमेकं कधी दिसतात. प्रश्न एवढा बारीक केला की काय मोजायचं ते आपोआप ठरतं, नाहीतर चार दिवस उन्हात उभं राहून वहीभर आकडे जमतात आणि त्यातून काढायचं काय तेच कळत नाही.

मग जुन्या नोंदी मिळवा, पोलिसांकडच्या, किमान ३ वर्षांच्या, ५ मिळाल्या तर फारच छान. प्रत्येक अपघात चौकाच्या नकाशावर बाणांनी काढा, कोण कुठून आलं, कुठे धडकलं, बाजूला वेळ, उजेड होता की अंधार, रस्ता ओला की कोरडा. दहा-बारा बाण काढून झाले की बहुतेक वेळा तीन-चार एकाच कोपऱ्यात दाटलेले दिसतात. पण या नोंदींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. किरकोळ जखमेचे अपघात, सायकलवाला एकटाच घसरून पडला असे प्रकार नोंदीत येतच नाहीत, त्यामुळे दवाखान्यातली माहिती मिळाली तर तीही ताडून बघा. मृत्यूची व्याख्यासुद्धा तपासा, पुष्कळ देशांत अपघातानंतर ३० दिवसांच्या आत गेलेला माणूस अपघाती मृत्यूत धरतात, काही ठिकाणी मुदत वेगळी असते, आणि असे दोन आकडे शेजारी ठेवले की तुलना फसते.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो कारण इथे भलेभले फसतात. समजा एका चौकात सरासरी वर्षाला ४ अपघात होतात. काहीही बदललं नाही तरी एका वर्षी ६ होतील, पुढच्या वर्षी ३ होतील, एवढा चढउतार निव्वळ योगायोगाने होतो. आपण चौक निवडतो तो ६ वाल्या वर्षानंतर, कारण तेव्हाच बोंब उठलेली असते, मग काहीतरी रंगरंगोटी करतो, पुढच्या वर्षी ३ होतात आणि सगळे म्हणतात बघा, अपघात निम्मे झाले. रंग मारला नसता तरी ३च झाले असते कदाचित! संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात, आणि इझ्रा हाउअर या संशोधकाने रस्ता सुरक्षेच्या अभ्यासात हे दुखणं कसं शिरतं आणि ते कसं काढायचं यावर आयुष्यभर काम केलं. आपल्यापुरता उपाय असा की एका वर्षाच्या आकड्यावर कधीच बोलायचं नाही, आणि जिथे काही बदल केलेला नाही असे साधारण तसेच दोन-तीन चौक सोबत तुलनेला घ्यायचे.

बरं, पण अपघात मोजायला वर्षं लागतात आणि तोवर माणसं मरणार, मग करायचं काय? थोडक्यात टळलेले प्रसंग मोजायचे. ही युक्ती जुनी आहे, १९६०च्या दशकाच्या शेवटी जनरल मोटर्सच्या संशोधकांनी सुरुवात केली, पुढे स्वीडनच्या लुंड विद्यापीठात ती चांगली घोटून घेतली गेली. घरगुती पद्धत सांगतो. चौक वरून दिसेल अशा गच्चीवरून किंवा खिडकीतून मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ घ्या, आधी त्या जागेच्या मालकाला विचारून. नंतर घरी बसून बघा, माणूस ज्या जागेवरून गेला त्याच जागेवर गाडी किती वेळाने आली. फ्रेम मोजायच्या. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल आणि माणसाचा पाय तिथून निघाल्यावर गाडीचं पुढचं टोक तिथे यायला ३० फ्रेम लागल्या तर मधला वेळ झाला १.२ सेकंद. दीड सेकंदाच्या आतले सगळे प्रसंग वेगळे काढा, जागा नकाशावर ठिपक्याने दाखवा आणि गाडीचा वेगही लिहा, कारण रांगत आलेल्या गाडीचा १.२ सेकंद आणि सुसाट आलेल्या गाडीचा १.२ सेकंद एकच नव्हे. ठिपके आणि आधीचे बाण एकाच कोपऱ्यात पडले तर समजा दुखणं सापडलं. चेहरे आणि नंबरप्लेट कुणाला दाखवण्याआधी धूसर करा, हे विसरू नका.

वेग मोजायला महागडी बंदूक लागत नाही. रस्त्याकडेच्या दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजा, समजा ५० मीटर भरलं, तर ते कापायला ३.६ सेकंद म्हणजे ताशी ५० किलोमीटर. तिरकं उभं राहून स्टॉपवॉच दाबलं की चूक येते, त्यामुळे दोन्ही खांबांशी एकेक जण उभा ठेवा, पहिल्याने हात वर केला की दुसऱ्याने सुरू करायचं. किमान १०० गाड्या घ्या आणि फक्त मोकळ्या चालणाऱ्या घ्या, पुढच्या गाडीच्या मागे अडकलेलीचा वेग हा तिचा स्वतःचा नसतो. मग वेग चढत्या क्रमाने लावा आणि ८५वा आकडा बघा, म्हणजे १०० पैकी ८५ जण त्या वेगाला किंवा त्याखाली चालवतात. आणि चमकणारं जाकीट घालून वही-पेन घेऊन रस्त्याच्या कडेला ठळक उभे राहिलात तर सगळे हळू चालवतील, मग तुम्ही रस्ता नाही, स्वतःचा परिणाम मोजताय. नजरेत भरू नका, खांबाच्या आडोशाला उभे राहा, आणि मुख्य म्हणजे स्वतः सुरक्षित जागी.

वेगावर एवढा भर का देतो ते एका हिशेबात बघा. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला १ सेकंद धरू आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक धरू. ताशी ३० ने येणारी गाडी साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० वाली त्या एका सेकंदात जवळपास १४ मीटर गेलेली असते, म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलासुद्धा नाही, तिथे माणूस असेल तर ती पूर्ण ५० च्या वेगाने त्याच्यावर येते. स्वीडनचा संशोधक योरान निल्सन याच्या सूत्राप्रमाणे सरासरी वेग ५ टक्के वाढला की जीवघेणे अपघात साधारण २० टक्क्यांनी वाढतात. हा हिशेब अहवालात चित्र काढून घाला, तक्त्यापेक्षा लोकांना तो पटकन कळतो.

आता जे दिसत नाही ते मोजायचं, आणि नियोजनाच्या दृष्टीने मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. एखाद्या रस्त्यावर पादचाऱ्यांचे अपघात शून्य आहेत म्हणजे तो सुरक्षित आहे असं नाही, कदाचित घाबरून तिथे कुणी पाऊलच टाकत नसेल. एक आजी बघा, काठी घेऊन फुटपाथच्या कडेला येतात, एक पाय खाली ठेवतात, मागे घेतात, परत ठेवतात, चार-पाच मिनिटं असं चालतं आणि मग वळून परत जातात. अपघाताच्या नोंदीत त्या कुठेच नाहीत, वाहतुकीच्या मोजणीतही नाहीत, कारण त्या रस्त्यावर आल्याच नाहीत. त्यामुळे ओलांडलेले मोजता तसे थांबून परत गेलेलेही मोजा, किती वेळ थांबले ते लिहा. दुभाजकाच्या तुटलेल्या जाळीकडे, गवतात पडलेल्या पायवाटेकडे लक्ष द्या, लोकांना खरं कुठून जायचंय ते तिथे दिसतं. आणि सिग्नलचा हिशेबही करा. रस्ता ९ मीटर रुंद असेल तर सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला साडेसात सेकंद लागतात, पण ०.९ मीटरने चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला १० लागतात, आणि हिरवा दिवा ८ सेकंदांचा असेल तर तो माणूस मधेच अडकणार हे कागदावरच कळतं.

वाहनांची मोजणी तुलनेने सोपी आहे, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना, चार उभ्या आणि एक आडवी रेघ, सरळ जाणारे आणि वळणारे वेगवेगळे, सायकली आणि पायी माणसं अजिबात वगळायची नाहीत. आठवड्यातले मधले दिवस घ्या, शिवाय एक सुट्टीचा दिवस. शाळा सुटायची वेळ चुकवू नका. पेन्सिल वापरा, पावसात शाई पसरते.

सूचना लिहिताना "जनजागृती करा" असलं काही लिहू नका, रस्त्याच्या आकारात काय बदलायचं ते लिहा, कोपऱ्याचं वळण आवळा म्हणजे गाड्या हळू वळतील, मधे उभं राहायला जागा द्या, क्रॉसिंगजवळचं पार्किंग हटवा म्हणजे दोघं एकमेकांना दिसतील. जागा असेल तर एकपदरी गोल चौकाचा विचार मांडा, साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी छेदतात किंवा मिळतात, गोल चौकात त्या जागा ८ उरतात आणि वेगही आपसूक उतरतो. प्रत्येक सूचनेपुढे तुमच्या मोजणीतला आकडा लिहा, मूळ कागदांचे फोटो जोडा, आणि कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या हवेत मोजलं तेही. उद्या बदल झालाच तर लोकांना त्याची सवय व्हायला दोन-तीन महिने जाऊ द्या, मग त्याच वारी, त्याच वेळी, त्याच खांबापाशी परत मोजायला जायचंय, आणि तेव्हा तुमच्या जागी दुसरं कुणी गेलं तरी या कागदांवरून त्याला सगळं जसंच्या तसं करता आलं पाहिजे.