जावामध्ये व्हेरिएबलचा डेटा टाइप कसा निवडावा

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रत्येक व्हेरिएबलचा (मूल्य साठवणाऱ्या नावाचा) टाइप, म्हणजे त्यात कोणत्या प्रकारची माहिती राहील हे, प्रोग्रॅम कंपाइल होतानाच (कोडचे चालवण्याजोग्या रूपात भाषांतर होतानाच) निश्चित होतो आणि पुढे तो बदलत नाही. जावा 10 पासून मेथडच्या (नाव दिलेल्या सूचनांच्या गटाच्या) आत ‘व्हार’ (var) लिहून टाइप ओळखण्याचे काम कंपायलरवर (हे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर) सोपवता येते, परंतु तेव्हाही टाइप कायमचाच ठरतो. म्हणून कोड लिहिण्याआधी प्रत्येक माहितीबद्दल दोन गोष्टी तपासाव्यात: तिच्यावर गणित करायचे आहे का, आणि ती जास्तीत जास्त किती मोठी होऊ शकते.

पतसंस्थेच्या खात्याचा क्लास (खात्याची माहिती व कृती यांचा आराखडा) लिहायचा आहे असे समजू. खातेक्रमांक अंकांचा असला तरी त्याची बेरीज कोणी करत नाही आणि त्याच्या सुरुवातीची शून्ये टिकणे आवश्यक असते, त्यामुळे तो स्ट्रिंगमध्येच (मजकुराच्या टाइपमध्येच) ठेवावा. मोबाइल क्रमांकालाही हाच नियम लागू होतो. खाते चालू आहे की बंद, यासाठी ट्रू किंवा फॉल्स एवढेच मूल्य घेणारा बूलियन पुरेसा आहे.

शिल्लक रकमेसाठी नवशिके बहुधा दशांश संख्यांचा टाइप डबल निवडतात, आणि माझ्या मते ही निवड कटाक्षाने टाळावी. डबल संख्या द्विमान पद्धतीने (फक्त 0 आणि 1 वापरून) साठवतो व 0.1 सारखा साधा दशांशही त्यात अचूक बसत नाही, 0.1 आणि 0.2 यांची बेरीज छापली तर 0.30000000000000004 असे उत्तर येते. रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये मोजून लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकांच्या टाइपमध्ये) ठेवावी, किंवा व्याजाची आकडेमोड असल्यास दशांश अचूक ठेवणारा बिगडेसिमल हा क्लास वापरावा. मात्र त्याचा ऑब्जेक्ट (क्लासवरून बनलेली प्रत्यक्ष वस्तू) डबलपासून न करता स्ट्रिंगपासून तयार करावा, अन्यथा तीच चूक त्यातही उतरते.

पूर्णांकांसाठी इंट सर्वाधिक वापरला जातो. तो 32 बिटांचा (0 किंवा 1 च्या 32 जागांचा) असून त्याची वरची मर्यादा 2,14,74,83,647 आहे. ही मर्यादा ओलांडली तर जावा कोणतीही सूचना न देता ऋण बाजूने पुढे मोजू लागतो, आणि म्हणूनच ही चूक शोधणे कठीण जाते. 30 दिवसांचे मिलिसेकंद काढण्यासाठी 30 * 24 * 60 * 60 * 1000 असे लिहिले, तर 2,59,20,00,000 ऐवजी -1,70,29,67,296 मिळते. उत्तर लाँग व्हेरिएबलमध्ये ठेवल्यानेही फरक पडत नाही, कारण गुणाकार आधीच इंटमध्ये झालेला असतो. पहिल्या 30 ला मोठ्या लिपीतील ‘एल’ जोडावा (30L), म्हणजे संपूर्ण हिशेब 64 बिटांत होतो.

इंट, लाँग, डबल, बूलियन, बाइट, शॉर्ट, फ्लोट आणि कॅर हे आठ मूलभूत टाइप व्हेरिएबलमध्ये प्रत्यक्ष मूल्य ठेवतात. बाकी सर्व टाइप, म्हणजे स्ट्रिंग, ॲरे (एकाच टाइपच्या मूल्यांची यादी) आणि आपण लिहिलेले क्लास, व्हेरिएबलमध्ये केवळ ऑब्जेक्टचा संदर्भ (तो कुठे आहे याचा पत्ता) ठेवतात. एक खाते दुसऱ्या व्हेरिएबलला दिले, तर नवे खाते तयार होत नाही. दोन्ही नावे एकाच खात्याकडे निर्देश करतात, आणि एका नावाने शिल्लक बदलली की दुसऱ्या नावानेही बदललेलीच दिसते. याच कारणाने दोन स्ट्रिंगची तुलना == ने करू नये, कारण ते चिन्ह संदर्भ तपासते; मजकूर तपासण्यासाठी इक्वल्स (equals) ही मेथड आहे.

मराठी नावे हाताळताना आणखी एक काळजी घ्यावी. कॅर हा अक्षरचिन्हाचा टाइप 16 बिटांचा असतो आणि त्यात युनिकोडचे (सर्व लिपींसाठीच्या संगणकीय संकेतपद्धतीचे) एक एकक मावते, आपले जोडाक्षर नव्हे. ‘क्षमा’ या नावाची लांबी जावा 5 सांगतो: क, हलंताचे चिन्ह, ष, म आणि काना. अशा नावाचे पहिले अक्षर घेण्यासाठी पहिला कॅर उचलला, तर ‘क्ष’ ऐवजी नुसता ‘क’ हाती येतो.

क्लासमधील फील्डला (क्लासच्या व्हेरिएबलला) आरंभीचे मूल्य दिले नाही, तर संख्यांना शून्य, बूलियनला फॉल्स आणि संदर्भांना नल (कोणताही ऑब्जेक्ट नाही) मिळते. खातेदाराचे नाव नल राहिले आणि त्यावर एखादी मेथड चालवली, तर प्रोग्रॅम नल पॉइंटर एक्सेप्शन ही चूक देतो. ते टाळण्यासाठी नाव कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या भागातच) अनिवार्य करावे.