जिवलग मैत्रिणीच्या नावाने वावरणारी नायिका: प्रणय-रहस्य कादंबरी कशी लिहावी

जिवलग मैत्रिणीचे नाव घेऊन परक्या घरात शिरलेली नायिका आणि त्या घरात तिच्यावर जीव जडलेला माणूस एवढ्या भांडवलावर कादंबरी चालते, असे अनेकांना वाटते. अशा कादंबरीची पहिली शंभर पाने झपाट्याने लिहून होतात आणि पुढची दोनशे कोणी वाचत नाही. या घाटाच्या चार कादंबऱ्या मी लिहिल्या आहेत, आणि त्यांतली पहिली दोनदा मुळापासून लिहावी लागली. रोज किती लिहावे, टिपणे कशी ठेवावीत, प्रकरणे कशी पाडावीत हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून मी थेट मुद्द्यावर येते.

पहिली पायरी: सोंगाचे कारण

नायिका हे सोंग का घेते, हे एका वाक्यात लिहून काढावे. त्या वाक्यात पैसा किंवा वारसाहक्क आला तर तुमच्या हाती गुन्हेकथा आहे. ती अवश्य लिहावी, पण तिच्यात प्रणय कोंबू नये. माझे ठाम मत असे की सोंग घेण्याची विनंती मैत्रिणीनेच केलेली असावी, नायिकेने तिला शब्द दिलेला असावा आणि मैत्रीण जिवंत असावी. मृत मैत्रिणीला दिलेला शब्द मोडला तर दुखावले जाणारे कोणी उरत नाही, आणि या कादंबरीचा सगळा डोलारा कोणीतरी दुखावले जाण्याच्या शक्यतेवर उभा असतो.

दुसरी पायरी: चेहऱ्याचा प्रश्न

‘दोघी दिसायला हुबेहूब सारख्या होत्या’ हे वाक्य लिहू नये. मध्ये काही वर्षे जाऊ द्यावीत, एवढे पुरते. फ्रान्समधल्या आर्तिगा गावातून मार्तें गेर नावाचा शेतकरी १५४८ मध्ये निघून गेला. १५५६ मध्ये त्याच्या नावाने आर्नो द्यू तिल हा माणूस तिथे आला आणि तीन वर्षांहून अधिक काळ मार्तेंच्या बायकोबरोबर संसार करत राहिला. खटला उभा राहिल्यावर चेहऱ्यावरून गावात दोन तट पडले. मात्र या माणसाचे पाऊल मार्तेंच्या पावलापेक्षा लहान आहे, हे गावच्या चांभाराने सांगितले. १५६० मध्ये खरा मार्तें लाकडी पाय घेऊन न्यायालयात हजर झाला आणि आर्नोला फाशी झाली. इंग्लंडमधला टिचबोर्न घराण्याचा वारस १८५४ मध्ये समुद्रात बेपत्ता झाला होता. १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या दावेदाराला त्या वारसाच्या आईने आपला मुलगा म्हणून स्वीकारले. मुलाचे बालपण फ्रान्समध्ये गेले होते आणि दावेदाराला फ्रेंच येत नव्हते, तरीही तिला ते खटकले नाही. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयालाही १७७६ मध्ये देहदंड होईपर्यंत पाठीराखे मिळाले होतेच. माणूस परत यावा अशी ज्यांची आस असते, ते चेहरा बारकाईने पाहत नाहीत. तेव्हा घरातल्या एका तरी माणसाला मैत्रीण परत यायला हवी असावी. एका माणसाला मात्र ती नको असावी, कारण चांभाराची नजर त्याच्याकडे असते.

तिसरी पायरी: वही

इथे घाई करू नये. अनोळखी माणसाचे सोंग घेणाऱ्याला माहिती कमी पडते. जिवलग मैत्रिणीचे सोंग घेणारीची अडचण उलटी असते, कारण तिला फार माहीत असते आणि त्या माहितीवर तिचा भरवसाही असतो. म्हणून वहीत तीन रकाने करावेत. पहिल्यात मैत्रिणीने आजवर सांगितलेले सगळे लिहावे. दुसऱ्यात मैत्रिणीने कधी सांगितले नाही, कारण आपण असे करतो हे तिला स्वतःलाही ठाऊक नाही, असे लिहावे. तिसऱ्यात तिने जाणूनबुजून लपवलेले लिहावे.

पहिला रकाना भरायला कोणालाही जमतो, आणि नवशिक्यांची कादंबरी त्यातच संपते. नायिका आजोबांच्या खुर्चीची गोष्ट बरोबर सांगते, घरचे हेलावतात, प्रकरण संपते. दुसऱ्या रकान्यात खरी मौज आहे. माझ्या तिसऱ्या कादंबरीतल्या घराला लाकडी जिना आहे आणि त्याची सहावी पायरी करकरते. त्या घरात वाढलेले प्रत्येक माणूस अंधारातही ती पायरी ओलांडून जाते. मैत्रिणीने नायिकेला त्या घराबद्दल वर्षानुवर्षे सांगितलेले आहे, पण पायरीबद्दल नाही, कारण आपण काय टाळतो याची आपण कोणाजवळ वाच्यता करत नाही. पहिल्याच रात्री नायिका सरळ जिना चढते आणि पायरी वाजते. खाली दिवा मालवत असलेला नायक मान वर करतो आणि पुन्हा दिव्याकडे वळतो. तेवढ्या अर्ध्या पानाने पुढच्या सहा प्रकरणांचा भार उचलला.

तिसऱ्या रकान्यात एकच गोष्ट असावी, पण ती मोठी असावी. मैत्रिणीने जे लपवले तेच या कादंबरीचे रहस्य आहे. नायिकेला ते वाचकाच्या बरोबरीने कळावे आणि कळताना तिच्या मैत्रीलाही तडा जावा.

चौथी पायरी: नायक

नायक मैत्रिणीचा पूर्वीचा प्रियकर नसावा. तो असेल तर एक तर त्याला फरक कळत नाही आणि तो मूर्ख ठरतो, किंवा कळूनही तो गप्प राहतो आणि लबाड ठरतो. त्याने मैत्रिणीला लहानपणी ओझरते पाहिलेले असणे पुरेसे आहे. त्याला संशय कोणत्या पानावर येतो आणि खात्री कोणत्या पानावर पटते, हे दोन आकडे लेखनापूर्वी ठरवावेत आणि मग बदलू नयेत.

शारीर जवळिकीबद्दल माझा नियम कडक आहे. त्याला सत्य कळेपर्यंत ती लिहू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेल्या २००३ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यातील कलम ७६ नुसार, समोरच्याच्या वैयक्तिक परिचयातल्या माणसाचे सोंग घेऊन मिळवलेली संमती ही संमतीच मानली जात नाही. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याला ती कोण आहे हेच माहीत नाही, त्याने दिलेला होकार वाचकाच्या घशाखाली उतरत नाही.

पाचवी पायरी: ‘सांगून का टाकत नाही?’

पहिल्या कादंबरीने मला याच ठिकाणी दोन वर्षे अडवले, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझ्या पहिल्या खर्ड्याच्या ११२ व्या पानाच्या समासात माझ्या पहिल्या वाचकाने पेन्सिलीने लिहिले होते, ‘ही सांगून का टाकत नाही?’ १३१ व्या पानावर तेच होते. १४८ व्या पानावर केवळ प्रश्नचिन्ह होते, आणि त्यापुढे पेन्सिलीची एकही खूण नव्हती. वाचक उरलेली पाने नुसती उलटत गेला होता.

मला तेव्हा मिळालेला सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो असा की अडथळे वाढवावेत. मी वाढवले. दुसऱ्या खर्ड्यात नायिका तोंड उघडते आणि टेलिफोन वाजतो. ती पुन्हा धीर करते आणि पाहुणे येतात. तिसऱ्यांदा वीज जाते. हा खर्डा पहिल्याहून वाईट झाला, कारण पहिल्यात नायिका निदान स्वतःच्या भित्रेपणाने गप्प होती. दुसऱ्यात ती लेखिकेच्या सोयीसाठी गप्प होती, आणि वाचकाला ते लगेच कळते. टेलिफोन वाजून थांबल्यावर ती पुन्हा का बोलत नाही, याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाहेरचा अडथळा पाच मिनिटे टिकतो, तर रहस्य दोनशे पाने टिकवायचे असते.

मला सापडलेला उपाय पहिल्या पायरीतच दडलेला होता. नायिकेचे गप्प राहणे हीसुद्धा प्रेमाचीच कृती असली पाहिजे. ती नायकाला सत्य सांगते त्या क्षणी मैत्रिणीला दिलेला शब्द मोडते. मैत्रिणीचा शब्द पाळते तोवर ती नायकाशी खोटे बोलत राहते. तिच्या दोन निष्ठांत असा पेच पडला की टेलिफोनची गरज उरत नाही. हा पेच मैत्रिणीच्या नात्यातच घट्ट बसतो. अनोळखी माणसाचे सोंग घेणारी गप्प राहते ती फार तर स्वतःला वाचवण्यासाठी, आणि तिच्याबद्दलची सहानुभूती लवकर आटते.

त्यामुळे सत्य सांगण्याची संधी देणाऱ्या प्रत्येक प्रसंगापूर्वी मी वहीत एक प्रश्न लिहिते: आज सांगितले तर कोणाचे काय जाईल? उत्तरात नायिकेचे नाव चालत नाही, आणि ‘तो रागावेल’ हे उत्तर तर मुळीच चालत नाही. शिवाय तेच उत्तर दुसऱ्यांदा येता कामा नये. एकदा मैत्रिणीची सुरक्षितता पणाला लागली असेल तर पुढच्या वेळी दुसरे काहीतरी लागले पाहिजे.

याचे एक उदाहरण देते. माझ्या पहिल्या कादंबरीच्या तिसऱ्या खर्ड्यात त्याच ११२ व्या पानावर नायिका सगळे सांगायचे ठरवून नायकाच्या खोलीत जाते. तो टेबलावर वाकून शाईचे पेन पुसत आहे. ती ‘मला काही सांगायचे आहे’ एवढे म्हणते, आणि तो मान वर न करता सांगतो की सकाळी वकील येऊन गेले, आणि ही तीच आहे, मी हिला लहानपणापासून ओळखतो, अशा शपथपत्रावर त्याने सही केली आहे. मग तो पेन टोपणात घालतो आणि विचारतो, ‘काय सांगायचे होते?’ इथे तिला कोणी अडवलेले नाही. वेळ आहे, एकांत आहे, तो ऐकायलाही तयार आहे. पण आता सत्य सांगितले तर खोट्या शपथेचा दोष त्याच्या माथी येतो. तिला वाचवण्यासाठी त्याने केलेल्या कृतीनेच तिचे तोंड बंद केले आहे. त्या पानाच्या समासात माझ्या वाचकाने या वेळी काहीही लिहिले नाही, आणि पुढची पाने त्याने उलटली नव्हती, वाचली होती.

एक इशाराही देऊन ठेवते. तीन-चार मौनांपैकी शेवटचे मौन स्वार्थाचे असावे आणि ते तसे आहे हे नायिकेला ठाऊक असावे. आता मैत्रिणीचा धोका टळला आहे, नायकावर बालंट येण्याची भीती नाही, आणि तरीही ती सांगत नाही, कारण त्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर तिला गमवायची नाही. आधीची मौने निःस्वार्थी असतील तरच वाचक हे एक माफ करतो. क्रम उलटा केला तर पुढचे सगळे त्याग त्याला ढोंग वाटतात. मी तो उलटा करून पाहिला आहे. तुम्ही पाहू नका.

आणि या मौनांच्या मधल्या जागेत प्रेम कसे वाढवायचे? तिच्या चुकांमधून. नायक मैत्रिणीच्या प्रतिमेशी जुळणाऱ्या गोष्टींच्या प्रेमात पडत असेल तर तो मैत्रिणीच्याच प्रेमात पडतो आहे. न जुळणाऱ्या गोष्टींवर त्याचा जीव जडला पाहिजे. जिन्याची ती पायरी पुन्हा येते ती यासाठीच. काही रात्रींनंतर नायिका खोलीत जागी आहे, जिन्यावर पावले वाजतात आणि सहावी पायरी करकरते. जन्मभर ती ओलांडणारा नायक मुद्दाम तिच्यावर पाय देऊन वर गेला आहे. तो तिला ओळखून आहे हे वाचकाला तिथे कळते आणि नायिकेला फक्त शंका येते. संवाद एकही नाही.

सहावी पायरी: उलगडा

सत्य नायिकेनेच सांगावे. पत्र सापडणे किंवा खलनायकाने भांडाफोड करणे चालणार नाही. ते कादंबरीच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास यावे, म्हणजे नायकाला रागवायला आणि सावरायला जागा मिळते. रहस्याची दुसरी गाठ, म्हणजे वहीतला तिसरा रकाना, त्यानंतर सुटावी.

सातवी पायरी: मैत्रीण परत येते

ती यायलाच हवी. तिने नायिकेचे आभार मानून निघून जाऊ नये. आपली जागा दुसरीने आपल्याहून चांगली सांभाळली, याचा तिला राग यावा. त्या दोघींच्या भांडणाला प्रेमप्रसंगाइतकीच पाने द्यावीत. अनेक लेखक ते दीड पानात उरकतात आणि कादंबरीची अर्धी किंमत तिथेच घालवतात.

आठवी पायरी: पुनर्लेखन

इतर दुरुस्त्या नेहमीच्याच आहेत. या घाटाची म्हणून एक स्वतंत्र तपासणी करावी लागते, ती संबोधनांची. एक वाचन फक्त ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यावर नजर ठेवून करावे. नायकाने मैत्रिणीला लहानपणी पाहिलेले असते, म्हणून तो नायिकेला पहिल्या भेटीपासून ‘तू’ म्हणतो. ती जवळीक तिला फुकट मिळालेली असते आणि ती आपली नव्हे हे तिला टोचत असते. उलगडा झाल्यावर तो लांबलचक संताप व्यक्त करतो, असे मी पूर्वी लिहीत असे. आता तो फक्त ‘तुम्ही बसा’ म्हणतो. त्यानंतरच्या प्रत्येक वाक्यातले क्रियापद तपासावे, कारण सवयीने एखादे ‘आहेस’ सुटून जाते आणि त्या एका अक्षराने पुढची चाळीस पाने फुकट जातात. तो पुन्हा ‘तू’ कधी म्हणतो तेवढी एकच जागा लाल शाईने अधोरेखित करून ठेवावी, आणि त्या वाक्यात त्याने तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारलेली असावी.