घोड्याच्या पायाची शीर दुखावली तर काय करायचं

गेल्या जुलैत चिखलात पाय घसरून आमच्या घोडीची पुढच्या डाव्या पायाची शीर दुखावली. तेव्हापासून पुण्यातले घोडेवाले फोन करून विचारतात काय केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहितेय.

शीर म्हणजे इथे रक्ताची नस नाही, तर टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, गुडघ्याखाली मागच्या बाजूला हात फिरवला की दोरीसारखी लागते ती. तिथे रक्तपुरवठा कमी असतो म्हणून भरायला बऱ्याचदा ९ ते १२ महिने जातात, आणि भरलेली जागा आधीइतकी लवचिक राहत नाही.

पाय गरम लागला किंवा सुजला की काम तिथेच बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. तोवर पाइपने थंड पाणी, १५-२० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. मग पाय कोरडा पुसून कापसाचा जाड थर देऊन वरून खालपर्यंत एकसारखं बँडेज, दुसऱ्या पुढच्या पायालाही, कारण सगळं वजन त्याच्यावर येतं. सुरुवातीला गरम शेक नको, तेल चोळणं तर अजिबात नको. पेनकिलर डॉक्टर सांगतील तेवढंच, दुखणं दबलं की घोडा त्याच पायावर जोर देतो.

सोनोग्राफी आठवड्याभराने करा, पहिल्या एक-दोन दिवसांत इजा पूर्ण दिसत नाही. शीर किती टक्के फाटलीये ते विचारून वहीत लिहून ठेवा, पुढचे सगळे रिपोर्ट त्याच्याशीच ताडायचेत.

तबेल्यात उभ्या घोड्याची चंदी, म्हणजे दाणा, कमी करायची, चांगलं सुकं गवत भरपूर द्यायचं, आणि लीद किती टाकली, पाणी किती प्यायली यावर रोज लक्ष, कारण हालचाल बंद झाली की पोटशूळ उठायची भीती असते.

डॉक्टरांनी हो म्हटलं की हातात धरून चालवायचं, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, आधी फक्त ५-१० मिनिटं, सपाट कडक जमिनीवर, भुसभुशीत रेतीत नाही. मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवायची. आम्ही पहाटेच न्यायचो, कारण संध्याकाळी नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालतो आणि बरेच दिवस बांधून राहिलेली घोडी एका ठोक्यालाही उधळते, एका उडीत दोन महिन्यांची मेहनत जाते!

सगळ्यात फसवा काळ तिसरा महिना. सूज नाही, लंगडणं नाही, घोडीची देखभाल करणारे आमचे सईसमामा म्हणाले ताई घोडी बरी झाली, मलाही तसंच वाटलं, आणि दहाव्या आठवड्यात सोनोग्राफी न करताच तिला दुडकी पळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय पुन्हा गरम. महिनाभर मागे गेलो, आणि ती चूक माझीच होती. वरून बरी दिसते तेव्हा आतली शीर कच्ची असते, त्यामुळे दुडकी चालीआधी पुन्हा सोनोग्राफी करायचीच. रिपोर्ट चांगला असेल तर सरळ रेषेत २-३ मिनिटं दुडकी, गोल फिरवणं नको, आणि दौड त्यानंतर काही महिन्यांनी.

नालबंदाला सांगा, खुराचं टोक लांब ठेवायचं नाही आणि टाच खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर शिरेवर ताण वाढतो.

आणि रोज सकाळी बाहेर काढण्याआधी दोन्ही पायांवरून हात फिरवा. दुखावलेला पाय जास्त गरम लागला तर त्या दिवशी चालवू नका, थंड पाणी मारून डॉक्टरांना फोन करा. आमचा आता दहावा महिना आहे, रोज १० मिनिटं दुडकी चालते आणि पुढची सोनोग्राफी झाल्यावरच दौडीचं बघणार.