हातात सत्ती-छक्की, फ्लॉपवर टू पेअर: पुढे काय?

मालवणात मी एका बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या झापांनी शाकारलेल्या, लादी उचलायला कुणी येत नाही. दुपारी पावसानं धरलं की जाळी ठेवायच्या शेडमध्ये पत्ते निघतात. पूर्वी मेंढीकोट नाहीतर रमी असायची, आता पोरांनी होल्डेम पोकर आणलंय. खेळतो चिंचोक्यांवर. पैसे नाहीत म्हणजे नाहीत. जुगाराचा १८८७ चा कायदा अजून जिवंत आहे, आणि मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांना २०२५ मध्ये केंद्रानंच कुलूप लावलं. पण चिंचोके असले तरी हरायला कुणालाच आवडत नाही, आणि आमच्या शेडमध्ये सगळ्यात जास्त चिंचोके ज्या हातावर जातात तो हात म्हणजे टू पेअर, दोन वेगवेगळ्या जोड्या. त्यातही लहान पत्त्यांचे टू पेअर.

खेळ थोडाफार येतो असं धरूनच लिहितोय, तरी शब्द सांगून ठेवतो: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. त्यातले पहिले तीन म्हणजे फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर; सातांतले उत्तम पाच मोजायचे. हातातले दोन पत्ते वेगवेगळे असतील, तर फ्लॉपवर दोघांचीही जोडी लागण्याचा योग साधारण पन्नासात एकदा. इतक्या दिवसांनी लागलेला हात सोडवत नाही, हीच खरी गोची. वन पेअरवाला माणूस मुळातच बिचकत खेळतो. फुल हाउसवाल्याला (तीन एकसारखे आणि वर एक जोडी) भिण्याचं कारण नसतं. टू पेअरवाला मात्र फ्लॉपवर बहुतेक वेळा खरोखरच पुढे असतो आणि रिव्हरपर्यंत नकळत मागे पडतो.

टू पेअर लागले की सगळ्यात आधी बघायचं, ते कुठले. समजा हातात किलवरची सत्ती-छक्की आहे आणि फ्लॉप आला इस्पिकचा राजा, चौकटची सत्ती, इस्पिकची छक्की. आता हिशेब करू. राजांचा सेट (हातात जोडी, टेबलावर तिसरा) तीन प्रकारे होऊ शकतो, सत्त्यांचा एक, छक्क्यांचा एक. हे झाले पाच. राजा-सत्ती सहा प्रकारे, राजा-छक्की सहा प्रकारे, आणि या दोन्ही हातांपुढे आपण मागेच. म्हणजे आपल्याला मारणारे एकूण सतरा. आता तुमच्याच हातात राजा-सत्ती असती तर? तेव्हा मारणारे फक्त पाच: राजांचा एक सेट, सत्त्यांचा एक, छक्क्यांचे तीन. फ्लॉप तोच, नाव तेच टू पेअर, पण फरक पाच आणि सतराचा.

अर्थात सतरातले बरेचसे हात कागदावरच राहतात. राजा-छक्की घेऊन रेजला कॉल देणारा, म्हणजे समोरच्यानं वाढवलेत तेवढेच चिंचोके घालणारा माणूस शहाण्यांच्या टेबलावर क्वचित दिसतो (आमच्याकडे रोज दिसतो, ते सोडा). उलट एक्का-राजा बारा प्रकारे येतो, राजा-राणी बारा, राजा-गुलाम बारा, आणि हे सगळे तुम्हाला आनंदानं चिंचोके देणारे. त्यामुळे फ्लॉपवर कुणी रेज केलं की लगेच ‘सेट असणार’ म्हणून पत्ते टाकू नका. सेट पाच प्रकारे, एक राजावाले छत्तीस प्रकारे.

मग धोका कुठे आहे? एक्का-राजावाल्याकडेच. त्याच्याकडे फक्त एक जोडी आहे असं आपण समजतो, पण सुटायला त्याला बऱ्याच वाटा आहेत. तीन एक्के, दोन राजे, आणि तिसरी वाट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: टेबलावर आपल्या कामाची नसलेली जोडी पडणं.

गेल्या पावसात हेच झालं. धुरीवाड्यातल्या एका पोराकडे वर सांगितलेली सत्ती-छक्की होती, समोर आमचा म्हातारा तांडेल. फ्लॉप वरचाच. पोरानं चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी सोडली. तांडेलानंही चेक केलं. टर्नला किलवरची दुर्री. पोरानं दहा चिंचोके सरकवले, तांडेलानं कॉल दिला. रिव्हरला बदामची दुर्री. पोरानं सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढे लोटला, वर नव्वद-शंभर तरी असतील. तांडेलानं विडी बाजूला ठेवली, कॉल म्हटलं आणि एक्का-राजा उलटे केले. राजा-राजा-दुर्री-दुर्री. पोराकडे सत्त्या, छक्क्या आणि दुर्र्या अशा तीन जोड्या, पण मोजायचे पत्ते पाचच, त्यामुळे तिसरी जोडी कुठेच लागत नाही. वरची जोडी राजाची, डाव राजाचा. पोरगा म्हणे, “माझे टू पेअर फ्लॉपलाच झाले होते!” तांडेल म्हणाला, “आदी इलेल्याक आदी जेवाण, असा काय हय नाय.”

आकडा सांगतो. राजा-सत्ती-छक्की या फ्लॉपवर सत्ती-छक्कीविरुद्ध एक्का-राजा शेवटपर्यंत नेला, तर साधारण चारात एकदा तो जिंकतो. टर्नला फालतू पत्ता आला तरी रिव्हरवर त्याला ४४ पैकी आठ पत्ते चालतात: तीन एक्के, दोन राजे आणि त्या टर्नच्या पत्त्याचे उरलेले तीन. आपलं फुल हाउस व्हायला मात्र चारच पत्ते, दोन सत्त्या आणि दोन छक्क्या. दोन्ही पत्ते बघितले तरी ते सहात एकदाच होतं. टू पेअर हा सुधारत जाणारा हात नाही. कारखान्यातून निघालेल्या लादीसारखा आहे तो, दर पत्त्याला थोडा वितळतो. भाव घ्यायचा तो निघतानाच.

म्हणून माझा पहिला नियम: फ्लॉपवर दाबून बसायचं नाही. मेंढीकोट खेळून हात बसलेल्यांना हे जमत नाही, कारण तिथे हुकूम राखून ठेवणाराच शहाणा. इथे तुम्ही चेक केलंत की समोरच्याला पुढचा पत्ता फुकट मिळतो, आणि फुकट पत्त्यातलं आपल्या भल्याचं फार थोडं. सेट लागला असता तर थांबण्यात एक वेळ अर्थ होता.

किती लावायचे? पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६० चिंचोके आहेत समजा. टेबलावर इस्पिकचे दोन पत्ते आहेत, म्हणजे हातात दोन इस्पिक धरलेला माणूस फ्लशची, म्हणजे पाचही पत्ते इस्पिकचे होण्याची, वाट बघत असणार. त्याला इस्पिकचे नऊ पत्ते उरले, एका पत्त्यात लागायचा योग साधारण १९ टक्के. तुम्ही १५ लावलेत तर ७५ जिंकण्यासाठी त्याला १५ घालायचे, म्हणजे १७ टक्क्यांतच त्याचं भागतं. तुम्हीच त्याला परवडणारा भाव दिलात. ४० लावलेत तर १०० साठी ४० घालायचे, त्याला २८-२९ टक्के लागतात, आणि तेवढे त्याच्याकडे एका पत्त्यात नाहीत. त्याला फ्लश लागल्यावर तुम्ही आणखी चिंचोके देणार असाल तर हे गणित त्याच्या बाजूनं झुकतं, ते पुढे येईलच. दोन-तृतीयांश पॉट हे माझं माप. ओल्या फ्लॉपवर, म्हणजे जिथे फ्लश आणि स्ट्रेट (ओळीनं पाच पत्ते) दोन्ही लोंबकळताहेत तिथे, मी त्याच्याही वर जातो. एक छोटी गंमत लक्षात ठेवा: इस्पिकची सत्ती आली तर त्याचा फ्लश होतो, पण आपलं फुल हाउस. त्याला भ्यायचं नाही, त्यावर भरपूर लावायचं.

आता टर्न. इथे हात थांबवून पत्ता नीट बघायचा.

दुर्री, तिर्रीसारखा कोरडा पत्ता आला तर पुन्हा लावा, तेवढ्याच मापानं. इस्पिक आला, किंवा पंजी-अठ्ठी आली, तर ढील द्या. अठ्ठी आली की दश्शी-नव्वी, नव्वी-पंजी आणि पंजी-चौकी या तिघांचे स्ट्रेट तयार होतात. एकच समोर असेल आणि तो आधी चेक करत असेल, तर मीही चेक करून रिव्हर बघतो. लहान बेट आली तर कॉल. मोठी आली तर समोर कोण बसलाय ते बघून.

सगळ्यात वाईट पत्ता मात्र काळा-लाल काही नसतो, तो असतो दुसरा राजा. टेबलावर राजा-राजा-सत्ती-छक्की. पुष्कळ जण म्हणतात, “आता माझे राजा आणि सत्तीचे टू पेअर, उलट वाढलेच की!” छे. तुमची छक्की मेली. आता तुमच्याकडे राजे सगळ्यांचेच आहेत आणि स्वतःची अशी फक्त सत्तीची जोडी. राजावाल्याचे ट्रिप्स (तीन राजे) झाले हे तर दिसतंच, पण हातात अठ्ठीची जोडी घेऊन मुकाट बसलेला माणूसही आता तुमच्या पुढे गेला. फ्लॉपवर तोच तुमच्या मागे होता. या पत्त्यावर एक बेट आली तर एकदा बघा, दुसरी आली की टाका.

रिव्हरबद्दल फार लिहीत नाही. स्वतः लावायचे तर अर्ध्या पॉटच्या आत लावा, राजावाला तेवढे देतो. आणि रिव्हरवर कुणी तुमच्या बेटवर रेज केलं, ते जर वर्षभर तोंडातून ब्र न काढणारा माणूस करत असेल, तर लहान टू पेअर टाकून द्या. आमच्या शेडमध्ये रिव्हरवर थाप मारणारे दोघंच, ते कोण हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्याकडेही असतील.

समोर किती माणसं आहेत यावर वरचं सगळं बदलतं. चिंचोक्यांच्या डावात कुणी फोल्ड करतच नाही, पत्ते टाकतच नाही, पाच-पाच जण फ्लॉप बघतात. अशा वेळी एकाकडे राजा, दुसऱ्याकडे दोन इस्पिक, तिसऱ्याकडे नव्वी-अठ्ठी असं वाटून असतं, आणि पुढचा जवळजवळ अर्धा कॅट कुणा ना कुणाच्या कामाचा ठरतो. तिथे लहान टू पेअरवर फ्लॉपला मोठं लावायचं, आणि दोघांनी कॉल दिल्यावर टर्न वाईट आला तर जीव लावायचा नाही.

ढीग किती उरलाय तेही बघा. पॉट ६० चा आणि तुमच्याकडे दीड-दोनशेच असतील तर फार विचार नको, फ्लॉपवर सगळे गेले तरी चालेल. ८०० असतील तर ते सगळे सत्ती-छक्कीवर जाणं म्हणजे समोर बहुधा सेट नाहीतर स्ट्रेट आहे.

हे पटत नसेल तर कॅट घ्या आणि एकट्यानं बसा. सत्ती-छक्की इकडे, एक्का-राजा तिकडे, मध्ये राजा-सत्ती-छक्की मांडा. बाकीचे पिसून दोन पत्ते उघडा, कोण जिंकलं ते वहीत लिहा, पुन्हा पिसा. चाळीस-पन्नास वेळा करा, चौथाई डाव एक्का-राजाकडे जाताना दिसतील. त्यातले किती नुसत्या फालतू जोडीनं गेले, त्याचा वेगळा रकाना ठेवा. मग टेबलावरचा राजा उचलून तिथे नव्वी ठेवा आणि समोर दश्शी-अठ्ठी द्या. स्ट्रेट फ्लॉपलाच तयार आहे. आता तुम्ही सहात एखादाच डाव जिंकाल, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो सत्तीनं किंवा छक्कीनंच.